वाफ्यातून ताटात

मलावीच्या खेड्यात संध्याकाळी चूल पेटली की तिच्यावर न्सिमा चढते. उकळत्या पाण्यात मक्याचं पांढरं पीठ घालून लाकडी पळीने घोटत राहायचं आणि घट्ट झालं की ओल्या पळीने त्याचे चपटे गोळे ताटात रचायचे. सोबत वाटीभर न्दिवो, म्हणजे तोंडीलावणं. ते कधी भोपळ्याच्या पानांचं असतं, कधी घेवड्याचं, तर कधी तळ्यातल्या बारीक सुक्या मासळीचं. हात धुऊन गोळ्याचा तुकडा मोडायचा, तळव्यात वळायचा आणि तोंडीलावण्यात बुडवून खायचा. न्सिमा झाली नसेल तर जेवण झालं असं इथे कोणी मानत नाही. देशातल्या माणसांना अन्नातून मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या मक्यातून येतात.

मक्याने पोट भरतं, तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ३७ मुलांची वाढ खुंटलेली आढळली. वयाच्या मानाने उंची कमी, म्हणजे कुपोषण आज-कालचं नाही, ते वर्षानुवर्षं साचलेलं आहे. मक्यातून ताकद मिळते, पण शरीर बांधायला लागणारी प्रथिनं, लोह, जस्त आणि ‘अ’ जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही. त्यात पीठ जितकं पांढरं तितकी घराची प्रतिष्ठा मोठी. त्यासाठी मका सडून त्याचा कोंडा काढतात, दाणे भिजत घालतात आणि मग दळतात. कोंड्याबरोबर दाण्यातल्या सत्त्वाचा मोठा भाग निघून जातो.

एकाच धान्यावर जगण्याची किंमत याच भूमीवर दिसून आली होती. १९९०च्या सुमाराला मोझांबिकमधल्या यादवीतून पळून आलेले लाखो निर्वासित मलावीतल्या छावण्यांत राहत होते. त्यांच्या शिध्यातून भुईमूग नाहीसा झाला आणि मुख्यतः मका उरला. काही महिन्यांत छावण्यांमध्ये पेलाग्राची साथ आली. कातडी काळवंडून सोलली जाण्याचा हा रोग नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावातून होतो. एका वर्षात सुमारे १८ हजार रुग्णांची नोंद झाली. मक्यात नायसिन असतं, पण ते अशा रूपात बांधलेलं असतं की शरीराला सहज घेता येत नाही. मक्याची मूळ भूमी असलेल्या मेक्सिकोत तो चुन्याच्या निवळीत शिजवतात, त्यामुळे नायसिन मोकळं होतं. मका समुद्र ओलांडून आफ्रिकेत आला, पण त्याच्या मागची ही रीत आली नाही. ती उणीव मूठभर भुईमुगाने भरून निघत होती. मूठ गेली आणि रोग आला.

शाळेतल्या बागेची गरज इथून सुरू होते. मलावीतल्या मुलांच्या ताटात अन्नाचे प्रकार कमी आहेत, आणि ते वाढवण्याची साधनं बहुतेक वेळा गावातच असतात. ती ओळखायची, लावायची, रांधायची आणि आवडीने खायची सवय लावणं हे शाळेचं काम होऊ शकतं.

कुदळ हातात देण्याचा इतिहास

आफ्रिकेतल्या शाळांना शेती नवी नाही. वसाहतकाळात अनेक मिशनरी आणि सरकारी शाळांत मुलांना शेतावर राबवून घेत. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या फेल्प्स-स्टोक्स फंडाचे आयोग आफ्रिकेत फिरले आणि आफ्रिकी मुलांचं शिक्षण खेड्याशी आणि शेतीशी ‘जुळवून घेतलेलं’ असावं, अशी शिफारस त्यांनी केली. पालकांनी यामागचा डाव ओळखला. साहेबाच्या मुलाच्या हातात पुस्तक आणि आपल्या मुलाच्या हातात कुदळ, असा त्याचा अर्थ होता. मूल कारकून व्हावं, शिक्षक व्हावं, शेतातल्या कष्टांतून सुटावं म्हणून तर त्यांनी त्याला शाळेत घातलं होतं.

स्वातंत्र्यानंतर टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी हाच प्रश्न वेगळ्या भूमिकेतून हाती घेतला. १९६७ मध्ये ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हे धोरण मांडून त्यांनी सांगितलं की प्रत्येक शाळेची स्वतःची शेती असावी आणि तिचे निर्णय मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून घ्यावेत. विचार उदात्त होता. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ शाळांत शेती उत्पन्नाचं साधन झाली आणि मुलं बिनपगारी मजूर. शिकण्याचा भाग मागे पडला.

त्याहून खोल घाव शिक्षेने केला. उशिरा आलास, जा, शेत खण. गृहपाठ केला नाहीस, जा, तण उपट. युगांडाच्या एडवर्ड मुकीबी यांनी आपल्या शालेय दिवसांत हेच पाहिलं. शेतीला शिक्षेची जागा दिली की मूल शेतीचा आणि शेतकरी आईबापांचाही तिरस्कार करायला शिकतं, हे त्यांनी पुढे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मकेरेरे विद्यापीठात कृषिशास्त्र शिकत असताना, २००६ मध्ये त्यांनी मुकोनो जिल्ह्यातल्या शाळांमध्ये ‘प्रोजेक्ट डिस्क’ हा उपक्रम सुरू केला. स्थानिक पिकं लावायची, त्यांची चव मुलांना ओळखू द्यायची आणि बागेचं काम शिक्षा म्हणून कधीही द्यायचं नाही, ही त्याची दिशा. २०१० मध्ये इटलीतल्या ‘स्लो फूड’ चळवळीने आफ्रिकेत हजार बागा उभारण्याचा संकल्प सोडला, तेव्हा हा अनुभव कामी आला. २०२२ मध्ये मुकीबी त्या जागतिक चळवळीचे अध्यक्ष झाले.

या इतिहासातून पहिला नियम मिळतो. मुलाने बागेत राबणं आणि बागेत शिकणं यांत फरक आहे, आणि तो शिक्षकाने रोज सांभाळावा लागतो. पाणी आणायला फक्त मुली आणि वाफे आखायला फक्त मुलगे, अशी वाटणी असेल तर बाग तोच जुना धडा गिरवते. वाफ्यातली भाजी मुलांना न दाखवता कोणाच्या तरी घरी जात असेल तर मुलं तेही पाहतात.

वीस वाफ्यांचं गणित

बाग मुलांची पोटं भरेल का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. हिशेब करून पाहू. एका शाळेत १००० मुलं आहेत. मलावीत ही संख्या मोठी नाही, कारण १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि पटावरची मुलं १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. समजा, शाळेकडे १० चौरस मीटरचे २० वाफे आहेत आणि दर चौरस मीटरला २ किलो पालेभाजी निघाली. एका तोडणीच्या हंगामाला ४०० किलो भाजी झाली, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला ४०० ग्रॅम. दीड-दोन महिन्यांच्या मेहनतीतून प्रत्येकाला जेमतेम तीन-चार वेळची भाजी.

बागेकडे गोदाम म्हणून पाहिलं की निराशा ठरलेली. तिच्याकडे प्रयोगशाळा म्हणून पाहिलं तर हेच वीस वाफे पुरून उरतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००५ मध्ये शिक्षक आणि पालकांसाठी शाळेच्या बागेची पुस्तिका काढली. तिचाही भर मुलांच्या शिकण्यावर आहे.

हे शिकणं कसं घडतं? मलावीत अन्नाचे सहा गट शिकवतात: मुख्य धान्यं व कंद, डाळी व शेंगा, प्राणिज पदार्थ, भाज्या, फळं आणि स्निग्ध पदार्थ. भिंतीवरचा तक्ता पाठ होतो आणि विसरला जातो. पण शिक्षकाने सकाळी विचारलं, ‘काल रात्री काय जेवलात?’ आणि प्रत्येक पदार्थ त्या त्या गटाखाली मुलांनीच मांडला, की न्सिमाखाली भली मोठी रांग लागते आणि फळांखाली जवळजवळ काहीच येत नाही. मग बागेत जायचं. कोणत्या वाफ्यातलं काय त्या रिकाम्या जागेत बसेल, हे मुलांनी शोधायचं. पपईचं रोप कुठे लावायचं, भुईमुगाला किती जागा द्यायची, ही चर्चा तिथून सुरू होते.

भोपळ्याच्या पानांचा, म्हणजे न्खवानीचा पाठ तर डोळ्यांसमोर उभा राहतो. कोवळी पानं तोडायची. देठाच्या टोकाला नखाने दोर धरून तो पानाच्या शिरेपर्यंत अलगद ओढायचा, म्हणजे खरखरीत साल सुटून येते. पानं चिरण्याआधी धुवायची, कारण चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जातं. थोड्या पाण्यात टोमॅटो घालून झाकण ठेवून शिजवायची आणि शेवटी भुईमुगाचं कूट घालून ढवळायचं. मलावीत घराघरांत ही भाजी अशीच होते. या एका भांड्यात मूल तीन गोष्टी शिकतं. गडद हिरव्या पानांत कॅरोटीन असतं आणि शरीर त्याचं ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषलं जातं, ते काम कूट करतं. आणि पानांतल्या थोड्या प्रथिनांत शेंगदाण्याची भर पडते. आजीने पिढ्यान्‌पिढ्या घातलेलं कूट शास्त्राच्या कसोटीला उतरतं, हे कळल्यावर मुलाची आजीकडे पाहण्याची नजर बदलते.

सगळ्याच जुन्या रीती अशा लाभाच्या नाहीत, हेही इथेच शिकवता येतं. भेंडीचा पाला मऊ व्हावा म्हणून राखेची निवळी किंवा सोडा घालतात. पाला लवकर शिजतो आणि हिरवागार राहतो, पण क्षाराने ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होतं. वाटीभर भाजी सोडा घालून आणि वाटीभर न घालता शिजवून चव घेतली की रीत बदलायला उपदेश फारसा लागत नाही.

तण समजून फेकलेली भाजी

बहुतेक प्रकल्पांतली पहिली चूक बियाण्याच्या पाकिटात असते. कोबी, गाजर, कांदा यांचं बी बाहेरून येतं. रोपांना रोज पाणी हवं, कोबीवर अळी पडते, औषध फवारावं लागतं आणि पुढच्या वर्षी बी पुन्हा विकत घ्यावं लागतं. प्रकल्पाचे पैसे थांबले की वाफे ओस पडतात.

दरम्यान शेताच्या बांधावर भाजी आपोआप उगवत असते. माठ मलावीत बोनोंग्वे म्हणून ओळखला जातो. आपल्याकडची तिळवण तिथे लुनी या नावाने ओळखीची. चवळीच्या कोवळ्या पानांची भाजी तिथे नेहमीची. कामोणीच्या कुळातली पानं केनियात आवडीने खातात. हा सगळा पाला पावसाच्या पहिल्या सरीनंतर, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात भराभर येतो. मलावीत भुकेचे महिनेही तेच. आधीचा मका संपलेला असतो आणि नवा एप्रिलशिवाय हाती येत नाही. निसर्गाने वेळ साधून दिलेली ही मदत ‘गरिबांचं खाणं’ म्हणून हिणवली जाते.

केनियातल्या जोमो केन्याटा कृषी विद्यापीठातल्या फलोद्यानशास्त्राच्या प्राध्यापिका मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांनी हा कमीपणा पुसण्यासाठी आयुष्य दिलं आहे. पश्चिम केनियातल्या खेड्यात त्या वाढल्या. लहानपणी अंडी, दूध, मासे त्यांना सोसत नसत, म्हणून पालेभाज्या हाच त्यांचा आहार होता. संशोधनाला लागल्या तेव्हा या भाज्यांची गणना तणांत होत असल्याचं त्यांनी पाहिलं. त्यांनी बियाणं गोळा केलं, शुद्ध वाण निवडले, लागवडीची पद्धत बसवली आणि पोषणमूल्यं मोजली. आज नैरोबीच्या सुपरमार्केटांत या पाल्याच्या जुड्या मिळतात.

शाळेच्या बागेत यातून दोन फायदे होतात. माठ तीन-चार आठवड्यांत तोडणीला येतो, त्यामुळे पेरणीपासून जेवणापर्यंतचा सगळा प्रवास मुलाचा उत्साह टिकेपर्यंत पुरा होतो. आणि दोन-चार झाडं फुलोऱ्यावर सोडली की पुढच्या वर्षाचं बी शाळेच्या बरणीत तयार.

रंग दाखवणारं रताळं

बागेतल्या शिकवणीने आहार बदलू शकतो याचा भक्कम पुरावा मोझांबिकच्या रताळ्यात मिळतो. आफ्रिकेत रताळं घरोघरी होतं, पण बहुतेक ठिकाणी आतून पांढरं, म्हणजे त्यात कॅरोटीन जवळजवळ नाही. केशरी गराच्या रताळ्यात ते भरपूर असतं. मध्यम आकाराचं सुमारे १२५ ग्रॅमचं रताळं लहान मुलाची दिवसाची ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज भागवू शकतं. या जीवनसत्त्वाच्या अभावी डोळे जातात आणि गोवरासारख्या आजारांशी झुंजण्याची ताकद कमी होते.

आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रातल्या जॅन लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झांबेझिया प्रांतातल्या खेड्यांत एकाच वेळी तीन गोष्टी केल्या. शेतकऱ्यांना केशरी वाणाचे वेल दिले, आयांना बाळाच्या आहाराचं शिक्षण दिलं आणि बाजारात मागणी तयार केली. बाजारातल्या टपऱ्या आणि गाड्या केशरी रंगाने रंगवल्या. दोन वर्षांनी लहान मुलांच्या रक्तातल्या ‘अ’ जीवनसत्त्वाचं प्रमाण मोजलं, तर ते सुधारलेलं दिसलं. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधिका मारिया आंद्रादे यांनी मोझांबिकच्या कोरड्या हवामानाला टिकतील असे वाण तयार केले. त्यांतले १५ वाण २०११ मध्ये शेतकऱ्यांसाठी खुले झाले. २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार आंद्रादे, लो, युगांडाचे रॉबर्ट म्वांगा आणि हॉवर्थ बुइस या संशोधकांना विभागून मिळाला.

शाळेला यात खास जागा आहे. रताळं बियाण्याने नव्हे, वेलाच्या तुकड्यांनी लावतात, आणि कोरड्या महिन्यांत वेल सुकून गेले की पावसाला लावायला काहीच उरत नाही. हात धुण्याच्या जागेचं सांडपाणी जिथे मुरतं, तिथे शाळेने चार वेल जगवले तर पहिल्या पावसाला प्रत्येक मूल घरी दोन-चार हात वेल नेऊ शकतं. अन्नाचा रंग डोळ्यांना दिसतो, त्यामुळे सात वर्षांच्या मुलालाही घरी समजावता येतो.

कळतं, पण वळत का नाही

बागेच्या बाजूने इतकं सांगितल्यावर बुर्किना फासोतला अनुभव सांगायलाच हवा. २०१५-१६ मध्ये तिथल्या ३० शाळांची पाहणी झाली. काही शाळांत बाग, पोषणाचे आणि स्वच्छतेचे धडे दिले, काहींत दिले नाहीत. शाळांची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती. वर्षअखेरीला बागवाल्या शाळांतल्या ८ ते १४ वर्षांच्या मुलांना शेतीबद्दल आणि आहाराबद्दल स्पष्टपणे जास्त माहिती होती. पण ती मुलं जास्त भाजी खात होती का? तसं दिसलं नाही.

मुलांना कळलं होतं, पण साहेलच्या कोरड्या मुलखात घरी वाफा करायला पाणी नव्हतं. शिवाय घरात काय शिजणार हे दहा वर्षांचं मूल ठरवत नाही. ते आई आणि आजी ठरवतात, आणि पैसा बहुधा वडिलांच्या हातात असतो. नेपाळमध्ये अशाच बागांच्या प्रकल्पात शाळेच्या बागेला घरच्या परसबागेची आणि पालकांच्या प्रशिक्षणाची जोड दिली, तेव्हा मुलांच्या खाण्यात भाजी वाढली. म्हणून शाळेची बाग एकटी सोडून चालत नाही.

पाण्याचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मलावीत जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सुटी असते, आणि पाऊस नसण्याचेही तेच महिने. सुटीत वाफ्याला पाणी कोण घालणार हे पालकांच्या बैठकीत आधीच ठरलं नाही, तर सप्टेंबरात शाळा उघडते तेव्हा बाग वाळलेली असते. कोरड्या भागात उंच वाफ्याऐवजी खोलगट वाफा, त्यावर सुक्या गवताचं आच्छादन आणि बकऱ्यांपासून वाचवणारं काटेरी कुंपण, एवढ्यावर निम्मं यश अवलंबून असतं.

शाळेच्या फाटकाबाहेर

घरापर्यंत कसं पोचायचं याचं उत्तर मलावीतल्या एक्वेंडेनी या गावाने दाखवलं. तिथल्या रुग्णालयात कुपोषित मुलं मोठ्या संख्येने येत होती. २००० मध्ये शेतकरी, रुग्णालय आणि रेचेल बेझनर कर यांच्यासारखे संशोधक एकत्र आले आणि मक्याच्या शेतात भुईमूग आणि तूर जोडीने लावण्याचा प्रयोग सुरू झाला. शेंगवर्गीय पिकांमुळे जमिनीत नत्र वाढतं आणि ताटात प्रथिनं. पण पीक आलं तरी ते मुलांना मिळेल याची खात्री नव्हती. म्हणून गावात पाककृतींचे दिवस भरू लागले. तिथे सोयाबीन, तूर, भुईमूग यांचे पदार्थ सगळ्यांनी मिळून करायचे, आणि पुरुषांनीही चुलीपाशी बसायचं. नातवंडांना काय भरवायचं यात शेवटचा शब्द असलेल्या आज्यांना बोलावून घेतलं, त्यांच्याशी वाद घातला, त्यांचं ऐकलंही. शाळांनी यातून घ्यायचं ते हेच: तोडणीच्या दिवशी पालकांना बोलवा, भांडं बागेशेजारीच चढवा आणि आजीला शिक्षिकेच्या जागी उभं करा.

तुरीची गोष्ट आपल्यापर्यंत येऊन पोचते. मलावी, मोझांबिक, टांझानिया इथली तूर मुंबईच्या बंदरात उतरते, आणि डाळीच्या बाजारात गजरी, मटवारा, मलावी या नावांनी तिचे भाव निघतात. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले. २०२१ मध्ये भारताने मलावीकडून पाच वर्षं दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा करार केला. आपल्या वरणाचा आणि तिथल्या शेतकऱ्याच्या हातातल्या पैशाचा असा थेट संबंध आहे. पण तूर फक्त विकायची वस्तू ठरली तर तिथल्या मुलाच्या ताटात न्सिमाच उरते. शाळेच्या कुंपणाला लावलेल्या चार तुरीच्या झाडांच्या ओल्या शेंगा सोलून मुलांनी उकडून खाल्ल्या, तर पोती बाजारात जाण्याआधी घरासाठी एक वेगळं काढायची बुद्धी त्यांना होईल.

शाळेच्या बागेला मिळणारं यश किलोत मोजू नये. गावातल्या किती घरांमागे नवा वाफा झाला, किती घरांत पुढच्या हंगामाचं बी बरणीत आहे, ताटात अन्नाचे गट दोनावरून चारावर गेले का, हे मोजावं. या मोजणीला वर्षं लागतात, आणि देणगीदारांचे अहवाल तेवढे थांबत नाहीत. तरीही ती मोजणी केली पाहिजे. मलावीच्या शाळेत आज बसलेली मुलगी दहा-बारा वर्षांत आई होईल. तिच्या बाळाला पहिला घट्ट घास भरवायची वेळ येईल, तेव्हा नुसती पातळ मक्याची पेज द्यायची की तिच्यात भुईमुगाचं कूट आणि कुस्करलेलं केशरी रताळं घालायचं, हे तिला शाळेतच शिकायला मिळालं पाहिजे. शाळेची बाग त्यासाठीच आहे.